पुण्याला सहल न्यावी की नाही?

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगराचा मोठा भाग घसरून आला. नेहमीच्या फेरीला गेलेल्या एस.टी.च्या चालकाला समोर गावच दिसेना, आणि त्याच्याकडून बाहेरच्या जगाला काय झालं ते कळलं. दीडशेहून अधिक माणसं त्या चिखलाखाली गेली. बातमी देशभर पसरली ती ‘पुणे जिल्ह्यातली दरड’ म्हणून. जरा लांब गेल्यावर त्यातला ‘जिल्हा’ गळून पडला आणि उरलं ते ‘पुणे’.

असं काही घडलं की शाळाशाळांत एक अडचण उभी राहते. विदर्भातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांची सहल दिवाळीनंतर पुण्याला येते. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि उत्साह टिकला तर सिंहगड. पैसे जमा झालेले असतात, गाडी ठरलेली असते. मग एखादे पालक शाळेत येतात आणि विचारतात, “गुरुजी, पोरांना पुण्याला नेताय म्हणे? तिकडं तर डोंगर पडतायत.”

यावर दोन उत्तरं चटकन सुचतात. एक, “काही होत नाही हो, आम्ही आहोत ना.” दुसरं, “नकोच ती जोखीम, सहल रद्द करू.” पहिलं उत्तर धीट वाटतं आणि दुसरं जबाबदार. आम्हाला मात्र दोन्ही सारखीच आळशी वाटतात, कारण दोन्हीत मूळ प्रश्नाचा विचारच नाही. तो प्रश्न असा, की एका ठिकाणी आलेलं संकट दुसऱ्या ठिकाणी पोचतं का, आणि पोचत असेल तर कशावर बसून?

सुरुवात नकाशापासून करू. वर्गातल्या महाराष्ट्राच्या नकाशावर मुलांना माळीण शोधू द्या. सापडणार नाही, कारण तेवढी छोटी गावं त्यावर नसतात. भीमाशंकर सापडेल, त्याच्या जरा ईशान्येला टिंब द्या. आता दोरा आणि नकाशाची प्रमाणपट्टी घेऊन पुण्यापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर भरेल, रस्त्याने त्याहून बरंच जास्त. पुणे जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. त्यात चार गोवे मावतील. म्हापशाला काही झालं म्हणून कारवारला घाबरावं का, असं विचारलं तर मुलं हसतील. जिल्ह्याचं नाव एकच असलं की मात्र मोठी माणसंसुद्धा गोंधळतात.

पण नुसतं अंतर मोजून थांबलं तर ती अर्धवट समजूत होईल. सत्तर किलोमीटर हे दरडीच्या बाबतीत फारच दूर आहे, भूकंपाच्या बाबतीत तसं दूर नाही, धरण फुटलं तर ते नदी कुठून जाते त्यावर आहे, आणि साथीच्या बाबतीत रात्रीच्या एका गाडीइतकं जवळ आहे.

आधी दरड घेऊ. दरड प्रवास करते ती उतारावर बसून. वर साठलेली माती आणि मुरूम खाली येतो, पायथ्याशी पसरतो आणि जिथे उतार संपतो तिथे थोड्याच अंतरात थांबतो. माळीणची दरडसुद्धा काही शे मीटरांत संपली. गाव त्या काही शे मीटरांतच होतं हे दुर्दैव. तेव्हा दरडीच्या भीतीचा नकाशा काढायचा तर जिल्ह्याच्या सीमा उपयोगाच्या नाहीत. तीव्र उतार कुठे आहेत, त्यांवर मातीचा जाड थर कुठे आहे, आणि तिथे पाऊस किती पडतो, या तीन गोष्टी एकमेकींवर ठेवून पाहाव्या लागतात.

पावसाचं काम इथे नीट समजून घ्यायला हवं. “पाण्याने माती वाहून गेली” असं आपण म्हणतो, पण दरडीत माती वाहत नाही, ती सरकते. कोरड्या उतारावर मातीचे कण एकमेकांना आणि खालच्या खडकाला घासून धरून असतात. पाऊस मुरला की दोन गोष्टी होतात. मातीचं वजन वाढतं, हे उघड आहे. दुसरी गोष्ट कमी उघड आणि जास्त महत्त्वाची. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ते कोंडलेलं पाणी कणांना एकमेकांपासून ढकलू लागतं. घर्षण घटतं. खाली बेसॉल्टचा पक्का खडक असेल तर पाणी तिथे अडतं आणि नेमक्या त्याच पातळीवर हा दाब सगळ्यात जास्त वाढतो. मग एका क्षणी वरचा सगळा थर ताटातून भात ओतावा तसा सुटतो. उतारावर सपाटीकरण केलेलं असलं, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजलेल्या असल्या तर पाणी मुरायला आणखीनच वाव मिळतो. माळीणनंतर या सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली ती यामुळेच.

हे वर्गात दाखवता येतं. एक पत्रा किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा घ्या. त्यावर दोन बोटं जाडीचा मातीचा थर दाबून बसवा आणि एक कड हळूहळू उचला. कोरडी माती किती कोनाला घसरते ते कोनमापकाने मोजा. मग तशीच माती पुन्हा बसवा, झारीने थोडं थोडं पाणी घालत मुरू द्या आणि परत मोजा. थोड्याशा ओलीने माती उलट जास्त घट्ट बसते, किल्ला करताना मुलांना हा अनुभव असतोच. भरपूर पाणी झाल्यावर मात्र ती बऱ्याच कमी कोनाला सुटते. ‘थोडं पाणी बांधतं, जास्त पाणी सोडवतं’ हे मुलांनी स्वतः मोजलेलं असलं की पुढचं सारं सांगणं सोपं जातं.

आता पुणे शहर घ्या. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याला, वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला पुण्यात तो सव्वासातशे मिलिमीटरांच्या आसपास येतो. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर चढताना रिकामे होतात आणि पुणे त्या डोंगरांच्या मागे, पर्जन्यछायेत बसलेलं आहे. शनिवारवाडा, मंडई, लष्कर ही ठिकाणं सपाटीवर आहेत. माळीणच्या दरडीने या सपाटीवरच्या कुणाच्या केसाला धक्का लागण्याचं कारण नव्हतं. त्यातून सहल डिसेंबरातली. पाऊस जाऊन दोन महिने झालेले, डोंगरांनी पाणी सोडून दिलेलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर आली. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. महिनाभर भिजलेल्या डोंगरावर मुसळधार पाऊस झाला की ही वेळ येते.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. पुणे शहराबद्दल दिलेला हा दिलासा पुण्याच्या आसपासच्या सगळ्या ठिकाणांना आपोआप लागू होत नाही. सहलीच्या पत्रकावर ‘पुणे दर्शन’ लिहिलेलं असतं आणि गाडी जाते लोणावळ्याला, ताम्हिणीला, भीमाशंकरला. पावसाळ्यात ही सारी ठिकाणं दरडीच्या आणि पाण्याच्या नकाशात येतात. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्याच एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वरच्या डोंगरात पाऊस वाढला आणि काही मिनिटांत प्रवाह फुगला. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. या दोन्ही घटनांना माळीणइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. सहलीला जाणाऱ्यासाठी मात्र त्या माळीणपेक्षा जास्त बोलक्या आहेत, कारण इथे मेलेले सहलीलाच आले होते.

भूकंपाचं गणित वेगळं आहे आणि आम्हाला वाटतं, शाळेत सगळ्यात कमी समजलेलं आहे. म्हणून त्यावर जरा थांबू.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. औसा आणि उमरगा तालुक्यांतली ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं झोपेतच गेली. जग त्याला ‘लातूरचा भूकंप’ म्हणतं. पण लातूर शहर किल्लारीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि ते उभं राहिलं. पुन्हा तीच गंमत, नाव एकाचं आणि घाव दुसऱ्याला. पुणे तर किल्लारीपासून सरळ रेषेत २९० किलोमीटरांच्या आसपास.

वर्तमानपत्रं ‘६.२ तीव्रतेचा भूकंप’ असं लिहितात तेव्हा तो आकडा भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा मोकळी झाली ते सांगतो. तो सगळीकडे एकच असतो. तुमच्या पायाखाली किती हादरा बसला हे मात्र गावागावाला वेगळं असतं. विजेच्या दिव्याचं उदाहरण घ्या. दिवा साठ वॉटचा आहे हे खोलीत कुठेही बसलं तरी बदलत नाही; पुस्तकावर उजेड किती पडतो ते तुम्ही कुठे बसता त्यावर ठरतं. पालक विचारतात ते उजेडाबद्दल आणि बातमी सांगते ती वॉट.

उजेडासारखाच हादराही अंतराबरोबर पातळ होतो. किल्लारीचा भूकंप फार खोल नव्हता; हिशेबाला उगमाची खोली दहा किलोमीटर धरू. म्हणजे वरच्या गावापासून उगम दहा किलोमीटरवर आणि पुण्यापासून सुमारे २९० किलोमीटरवर, एकोणतीस पट दूर. लाटा गोलाकार सर्व दिशांना पसरल्या तर ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या पटीत वाटली जाते. एकोणतीसचा वर्ग ८४१. म्हणजे पुण्याच्या वाट्याला तितक्याच जागेत सुमारे आठशेचाळिसावा हिस्सा. शिवाय वाटेतले खडक काही ऊर्जा शोषून घेतात. जमिनीलगत पसरणाऱ्या लाटा इतक्या लवकर विरत नाहीत, त्या तळ्यातल्या तरंगांसारख्या पसरतात. त्यामुळेच किल्लारीचा हादरा मुंबई-हैदराबादपर्यंत जाणवला. पण जाणवणं वेगळं आणि पाडणं वेगळं.

पाडण्यात घरांचाही हात असतो. किल्लारी भागात जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद अशी घरं होती. उन्हाळ्यात गार राहायला उत्तम. हादऱ्यात दगड एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचं वजन खाली आलं. त्याच हादऱ्यात कुडाची, पत्र्याची घरं टिकली किंवा पडली तरी माणसं वाचली.

इथवर ऐकून एखादी चौकस मुलगी हात वर करेल आणि म्हणेल, “बाई, मग अहमदाबादला कसं झालं?” हा प्रश्न टाळू नये. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, भचाऊजवळ. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरांहून लांब. तरी तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, शेकडो माणसं गेली. मेक्सिको सिटीला १९ सप्टेंबर १९८५ ला असंच झालं. भूकंप दूर समुद्रकाठी, नाश साडेतीनशे किलोमीटरांवरच्या शहरात.

याची कारणं शोधली की आपलं उत्तर अधिक पक्कं होतं. पहिलं कारण, कच्छचा भूकंप ७.७ चा होता. या मापनात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. दीड अंकाच्या फरकाने ती किल्लारीच्या पावणेदोनशे पटींवर गेली. दुसरं, जमीन. अहमदाबादचा बराच भाग साबरमतीच्या गाळावर आहे, मेक्सिको सिटी एका जुन्या तळ्याच्या चिखलावर. मऊ गाळात हादरे वाढतात, आणि ते संथ झुलणारे असतात. तिसरं, उंच इमारतींचा स्वतःचा झोकाही संथ असतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्के दिले की तो उंच जातो, तसं या इमारतींचं झालं. त्यातच कितीतरी इमारतींच्या तळमजल्यावर भिंतीच नव्हत्या, वाहनं लावायला नुसते खांब होते. सगळं वजन बारीक पायांवर.

पुणे बेसॉल्टवर बसलेलं आहे आणि बऱ्याच ठिकाणी काही फुटांवर खडक लागतो, ही जमेची बाजू. नदीकाठचा गाळ आणि भराव घालून केलेली जमीन त्याला अपवाद. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तोही सहाच्या वरचा. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं दगावली. पुणे तिथून सव्वाशे किलोमीटरवर. हादरा मोठाच जाणवला, पण शहर कोसळलं नाही. कोयना परिसरात आजही लहान धक्के बसत असतात. त्यांचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकांची पाहणी केली गेली आहे. ‘कोयनेला धक्का’ ही बातमी वाचून पुण्याचा बेत बदलण्याचं मात्र काही कारण नाही.

एक गोष्ट झाकून ठेवणं आम्हाला पटत नाही. १९९३ पूर्वीच्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. नंतर नकाशा सुधारला. २००२ च्या नकाशात पहिला विभागच उरला नाही, किल्लारी तिसऱ्यात गेलं. पुणेही तिसऱ्यात, कोयना चौथ्यात. म्हणजे असे नकाशे आपल्याला आजवर काय कळलं ते सांगतात. जमिनीच्या पोटात काय शिजतंय ते सगळं नाही. ‘पुण्यात भूकंप होणारच नाही’ असं कुणी सांगू शकत नाही, तसंच ‘अमक्या रात्री होणार’ असंही कुणी सांगू शकत नाही. तारीख-वेळेसह आलेला निरोप हा खोटाच समजावा. मुलांना सांगण्यासारखं एवढंच, की हादरा जाणवला तर मजबूत टेबलाखाली शिरावं, डोकं झाकावं, हादरा थांबेपर्यंत जिन्याकडे धावू नये. हे पुण्यात जितकं खरं तितकंच आपल्या गावातही.

पाण्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण पाणी फार सरळ वागतं. १२ जुलै १९६१ ला बांधकाम पूर्ण होत आलेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी शहरात शिरलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्याच शहरात, नदीपासून फार लांब नसलेले पण उंचावरचे भाग कोरडे राहिले. किलोमीटर इथे निरुपयोगी; मीटर मोजायचे, तेही उभे. आणि पाणी ओसरल्यावर संकटाने दुसरं रूप घेतलं. शहराला पाणी पुरवणारा जलाशयच रिकामा झाला, त्यामुळे ज्यांच्या दारात पूर आला नव्हता त्यांच्या नळांतही पाणी नव्हतं. पुरानंतर एखाद्या शहरात जायचं की नाही हे ठरवताना ‘रस्ते सुरू झाले का’ याच्या आधी ‘पिण्याच्या पाण्याचं काय’ हे विचारावं, ते यासाठी.

आजही दर पावसाळ्यात ‘भिडे पूल पाण्याखाली’ अशी छायाचित्रं झळकतात. बाहेरच्याला वाटतं, पुणं बुडालं. बाबा भिडे पूल हा नदीपात्रालगतचा बुटका पूल आहे, खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतोच. पुणेकर पलीकडच्या पुलावरून जातात. २५ जुलै २०२४ ची गोष्ट मात्र अशी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. धरणातून ३५ हजार क्युसेकने पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. मुलांना गुणाकार करू द्या. जवळजवळ दहा लाख लिटर निघतील. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दर सेकंदाला शंभर टँकर. आणि धरणाशिवायही पूर येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला, नदीपासून दूरच्या वस्त्यांत भिंती पडल्या, माणसं वाहून गेली. शहराने ओढ्याची जागा घेतली होती, ती त्याने एका रात्रीपुरती परत घेतली.

त्याच वर्षी २९ जूनला कोंढव्यात एका इमारतीची संरक्षक भिंत खालच्या झोपड्यांवर पडून बांधकामावरचे मजूर आणि त्यांची मुलं मिळून पंधरा जण गेले. भिंतीमागची पावसाने भिजलेली माती आणि आपल्या पत्र्यावरची माती, तत्त्व एकच. शहरातही दरड असते, ती फक्त माणसाने रचलेली असते. सहलीला आलेल्या मुलांना तिचा धोका जवळपास नाही, कारण ती मुलं अशा भिंतीखाली झोपत नाहीत. जी झोपतात त्यांच्याबद्दल ‘पुणे सुरक्षित आहे का’ असं सहसा कुणी विचारत नाही. वर्गात हे बोलायला हरकत नाही, मुलांना ते चांगलं कळतं.

रोगाची साथ राहिली. ती माणसांवर बसून प्रवास करते, म्हणून तिथे नकाशापेक्षा वेळापत्रक जास्त उपयोगी. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी आली. सुरतेतून लाखो लोक मिळेल त्या गाडीने बाहेर पडले. परदेशांनी भारताची विमानं बंद केली. प्लेगवर टेट्रासायक्लिनसारखी साधी औषधं चालतात, ती वेळेवर मिळाली की रोगी बरा होतो. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, भीती मात्र कोट्यवधींना झाली. हे खरं असलं तरी साथीत ‘काही होत नाही’ म्हणणंही चूक. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. शहरातल्या शाळा काही दिवस बंद ठेवल्या गेल्या. त्या आठवड्यात कुणी सहल रद्द केली असेल तर त्यांनी अगदी योग्य केलं. खोकल्यातून पसरणारा नवा रोग आणि चाळीस मुलांची एक बंद गाडी, हा हिशेब जमत नाही.

याउलट जानेवारी २०२५ चं उदाहरण. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गीयाँ-बारे या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार ऐकूनच धडकी भरते. पण तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात गेलेल्या जंतूंशी लढताना शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असं त्याचं स्वरूप. तिथे शहर टाळण्यापेक्षा उघड्यावरचं पाणी आणि अर्धकच्चं अन्न टाळणं पुरेसं होतं. दोन्ही वेळी बातमी एकच, ‘पुण्यात साथ’. एकदा न जाणं शहाणपणाचं, एकदा उकळलेलं पाणी बरोबर नेणं शहाणपणाचं.

आता सुरुवातीच्या पालकांकडे वळू. त्यांना काय सांगावं? “काका, माळीण पुण्यापासून सत्तर किलोमीटरवर आहे, आणि दरड डोंगराच्या पायथ्यापलीकडे जात नाही. आपण डिसेंबरात जातोय, सपाटीवर राहतोय.” एवढं तर सांगावंच, पण नकाशा पुढे ठेवून सांगावं. शक्य झालं तर ज्या मुलांनी पत्र्यावरची माती घसरवून पाहिली त्यांनाच सांगू द्यावं. काका त्यांचं जास्त ऐकतात असा आमचा अंदाज आहे.

आणि त्याबरोबर शाळेने स्वतःलाही काही विचारावं. मुक्कामाची धर्मशाळा नदीच्या अगदी काठाला आहे का, वरच्या मजल्यावरून उतरायला जिने किती आहेत, प्यायचं पाणी कुठून येतं, सहलीच्या पत्रकात ऐन वेळी एखादा धबधबा किंवा धरण घुसलंय का. सिंहगडावर जायचं असेल तर घाटरस्ता सुरू आहे का ते आदल्या दिवशी वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्यावं. आणि परतीच्या वाटेवर कुठलाही घाट असेल तर तो उजेडी उतरावा, चालकाची झोप झालेली असताना. डिसेंबरात दरडीपेक्षा त्याचीच काळजी जास्त करावी लागते.